एका दिवसाची कोची : एकट्या प्रवाशासाठी

मुंबई, पुणे किंवा रत्नागिरीहून कोकण रेल्वेने एर्नाकुळमला उतरलेल्या आणि कामातून किंवा पुढच्या प्रवासातून एकच मोकळा दिवस हाती असलेल्या माणसाला कोची नीट पाहता येते. पाहण्यासारखे जुने शहर फोर्ट कोची आणि मट्टांचेरी या लागून असलेल्या दोन भागांत सामावले आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले तरी अंतर तीन किलोमीटरांच्या आसपासच भरते. तरीही अनेकांचा दिवस वाया जातो, कारण ते स्थळांची यादी घेऊन निघतात आणि ती वेळेशी ताडून पाहत नाहीत. कोचीतला दिवस तीन गोष्टी ठरवतात : ऊन, दारे आणि बोटी. साडेअकरानंतरचे ऊन माणसाला रस्त्यावर टिकू देत नाही, दारे वाराप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे बंद होतात, आणि खाडी ओलांडायची तर बोटींची सोय पाहूनच निघावे लागते. एकट्याने फिरणाऱ्याला या तिन्हींचा मेळ घालणे सर्वांत सोपे जाते, कारण त्याला कोणाची आंघोळ आटोपण्याची वाट पाहावी लागत नाही.

वार आणि ऋतू

प्रथम वार पाहावा. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तिथून पाच मिनिटांवरचे ‘परदेशी’ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी दिवसभर आणि ज्यू सणांना बंद असते. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते, तेव्हा पर्यटक म्हणून आत हिंडणे शक्यही नसते आणि शोभतही नाही. दिवस निवडण्याची मुभा असेल तर सोमवार ते गुरुवार यांपैकी एक घ्यावा. शनिवारच हाती असेल तर सिनेगॉग सोडून द्यावे आणि तो वेळ राजवाड्यातल्या चित्रांना द्यावा, त्यात फारसे नुकसान नाही. याशिवाय केरळात हरताळ पुकारला जाण्याची शक्यता नेहमीच असते आणि त्या दिवशी दुकाने, रिक्षा आणि बस सगळेच ठप्प होते. आदल्या रात्री निवासाच्या ठिकाणी तेवढी चौकशी करून ठेवावी.

ऋतूंमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुसह्य असतो. मार्च ते मे या महिन्यांत तापमानाचा आकडा विदर्भातल्या माणसाला किरकोळ वाटेल, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. त्यातून एप्रिलच्या मध्याला सूर्य इथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतीची सावलीही मिळत नाही. जूनच्या आरंभी नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि तो ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस येतो, ज्याला केरळात तुलावर्षम म्हणतात. या दुसऱ्या पावसाची सकाळ बहुधा कोरडी असते आणि दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून त्या महिन्यांत उघड्यावरची सगळी भटकंती सकाळीच उरकावी. दिवसाची लांबी मात्र वर्षभर फारशी बदलत नाही : डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे होतो, तर जूनमध्ये पावणेसातच्या सुमारास.

सोबत काय असावे

छत्री हवीच. ऊन आणि पाऊस दोन्हींना तीच उपयोगी पडते आणि इथले लोकही ती उन्हात सर्रास वापरतात. अंगात सुती, सैल आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत, कारण सिनेगॉगमध्ये त्याचा आग्रह असतो. पायात पटकन काढता-घालता येणाऱ्या चपला असाव्यात. पाण्याची बाटली, एक पंचा, मोबाइल चार्ज करण्यासाठी पॉवर बँक आणि थोडी सुटी नोट-नाणी एवढे पुरे. यूपीआय जवळपास सगळीकडे चालते, पण सगळा दिवस एका फोनवर सोपवणे एकट्या माणसाने टाळावे. फोन बंद पडला तर नकाशा, पैसे आणि तिकीट तिन्ही एकदम जातात. म्हणून निवासाचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा. मोठे सामान रेल्वे स्थानकावरच्या सामानघरात ठेवता येते, मात्र बॅगेला कुलूप असावे लागते.

सकाळ : खाडी आणि जाळी

सकाळी सातच्या सुमारास एर्नाकुळमच्या मुख्य बोट जेटीवर पोहोचावे. फोर्ट कोचीला नेणाऱ्या दोन प्रकारच्या बोटी आहेत. एक राज्य जलवाहतूक विभागाची जुनी बोट, जिचे भाडे अगदी किरकोळ असते आणि जिच्यातून शाळकरी मुले, मासळीवाल्या बायका आणि कचेरीतली माणसे रोज जा-ये करतात. दुसरी वॉटर मेट्रो, जी हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून सुटते. ही सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झालेल्या आहेत आणि फोर्ट कोचीपर्यंत ती पुढच्या वर्षी पोहोचली. माझा सल्ला असा की सकाळी जुन्या बोटीने जावे आणि संध्याकाळी दमलेल्या अंगाने वॉटर मेट्रोने परत यावे. सकाळी वारा हवाहवासा असतो आणि काचेआडून खाडी पाहण्यात मजा नाही.

बोटीत डाव्या हाताला विलिंग्डन बेट दिसते. हे बेट नैसर्गिक नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्याची भर घालून ते तयार केले गेले. त्याहून जुनी गोष्ट अशी की १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने इथले समुद्रमुख उघडले आणि त्यातून हे बंदर घडले, असे मानले जाते. पुढे पोर्तुगीज, १६६३ मध्ये डच आणि १७९५ मध्ये इंग्रज असे तीन मालक त्याला मिळाले. दिवसभर जे पाहायचे ते या तिघांनी आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या कोचीच्या राजाने मागे ठेवलेले आहे.

फोर्ट कोचीच्या धक्क्यावर उतरल्यावर पश्चिमेकडे पाच-दहा मिनिटे चालत गेले की चिनी जाळी लागतात. आधी जाळी पाहावीत, मग न्याहारी करावी, कारण ऊन चढल्यावर आणि पर्यटकांच्या बसगाड्या आल्यावर तिथे उभे राहणे नकोसे होते. सागवानी ओंडके आणि बांबू यांच्या सुमारे दहा मीटर उंचीच्या सांगाड्याला जाळे टांगलेले असते. दुसऱ्या बाजूला दोरांना मोठमोठे दगड बांधलेले असतात. एक माणूस मुख्य वाशावरून चालत पुढे गेला की त्याच्या वजनाने तोल बदलतो आणि जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-पाच जण दोर ओढून ते वर घेतात. एका खेपेत बहुधा मूठभर मासळीच निघते, पण खेपा एकामागून एक चालू राहतात. भरतीच्या वेळी काम जोरात असते, ओहोटीला जाळी नुसतीच टांगलेली दिसतात, म्हणून त्या दिवशीची भरतीची वेळ पाहून घेतलेली बरी. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली की पोर्तुगीजांनी मकावहून, याबद्दल एकमत नाही. जाळ्यावरचे लोक हाक मारून दोर ओढायला बोलावतात आणि मग पैशांची अपेक्षा ठेवतात. ओढायचे असेल तर रक्कम आधी बोलून घ्यावी, नसेल तर हसून “वेण्डा” म्हणावे, म्हणजे ‘नको’, आणि पुढे चालावे.

लागूनच मासळीचे स्टॉल आहेत. विकत घेतलेली मासळी शेजारी शिजवून देण्याची व्यवस्थाही आहे, पण एकट्या माणसाला अख्खा मासा संपत नाही आणि भावही चढे असतात. मासे जेवणात खावेत. किनारपट्टीही चालून पाहण्यापुरतीच आहे : वाळू थोडी, दगड बरेच, आणि पावसाळ्यात व त्यानंतर खाडीतून वाहत आलेल्या जलपर्णीचे ढीग. पोहण्याची हौस असणाऱ्याने वैपिन बेटावरच्या चेराई किनाऱ्यासाठी वेगळा दिवस काढावा.

न्याहारीसाठी आतल्या गल्ल्यांतले एखादे साधे उपाहारगृह गाठावे. पुट्टू आणि कडला, म्हणजे तांदळाच्या जाडसर पिठाचे वाफवलेले नळकांडे आणि काळ्या हरभऱ्याची आमटी, हा पोटाला दुपारपर्यंत आधार देणारा पदार्थ आहे. अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू त्याहून हलका. टेबल भरलेले असेल तर अनोळखी माणसाच्या समोर बसायला इथे कोणाला संकोच वाटत नाही. एकट्या प्रवाशाने तो मुळीच बाळगू नये, कारण दिवसातली सर्वांत उपयुक्त माहिती बहुधा समोरच्या त्या माणसाकडूनच मिळते.

नऊनंतर सेंट फ्रान्सिस चर्चकडे वळावे. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये ते लाकडात उभारले आणि १५१६ पर्यंत पक्के बांधले. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरण्यात आले. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले, तरी जमिनीतली ती जागा दाखवली जाते. माझ्या मते तिथे रेंगाळण्यापेक्षा वर टांगलेले कापडी पंखे पाहावेत, ज्यांच्या दोऱ्या भिंतीबाहेर नेलेल्या आहेत. आत प्रार्थना करणाऱ्यांना वारा मिळावा म्हणून बाहेर उन्हात बसून कोणीतरी त्या ओढत असे. चर्चसमोरच्या परेड मैदानाभोवती विस्तीर्ण पर्जन्यवृक्ष आहेत, त्यांच्या सावलीतून सांताक्रूझ बॅसिलिका गाठता येते. जुनी इमारत इंग्रजांनी १७९५ मध्ये पाडली, आजची १९०५ मध्ये पूर्ण होऊन अर्पण झाली. पंधरा मिनिटे पुरतात. १७२४ मधली डच दफनभूमी सहसा कुलूपबंद असते, फाटकातून जेवढी दिसते तेवढ्यावर समाधान मानावे.

दुपारच्या आत मट्टांचेरी

साडेदहाला फोर्ट कोची सोडावे. हा मुद्दा मी आग्रहाने सांगतो, कारण सिनेगॉग मधल्या वेळेत बंद होते आणि बहुतेक लोक नेमके त्याच वेळी घामाघूम होऊन तिथे पोहोचतात. बाजार रोडने चालत गेल्यास अर्धा-पाऊण तास लागतो आणि ते चालणे चुकवू नये. या रस्त्यावर मिरी, सुंठ, वेलदोडा, जायफळ आणि तांदूळ यांच्या जुन्या वखारी एकमेकींना खेटून आहेत, त्यांची मागची दारे पाण्यावर उघडतात आणि हवेत सुंठीचा तिखट वास असतो. पोती वाहणारी माणसे कामात असतात, तेव्हा वाट अडवून छायाचित्रे काढू नयेत. ऊन फारच असेल तर रिक्षा करावी, पण “शंभर रुपयांत सगळे दाखवतो” असे म्हणणाऱ्या चालकाला आधीच स्पष्ट सांगावे की मधल्या कोणत्याही दुकानात उतरायचे नाही. स्वस्त फेरीची भरपाई त्या दुकानांकडून मिळणाऱ्या दलालीतून होते. एकट्या गिऱ्हाइकावर तिथे आग्रहही जास्त होतो, कारण “चला, उशीर होतोय” म्हणणारे सोबत कोणी नसते.

सिनेगॉग १५६८ मधले आहे. चपला बाहेर काढून आत गेल्यावर अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवरून चालावे लागते. वर काचेची झुंबरे आहेत. बाहेरचा घड्याळमनोरा १७६० मधला असून त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिपींतले आकडे आहेत. या वस्तीतली जवळजवळ सगळी कुटुंबे इस्रायलच्या स्थापनेनंतरच्या दशकांत तिकडे गेली. मराठी वाचकाला इथला एक धागा ओळखीचा वाटेल : कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला धर्मशिक्षण देण्यासाठी कोचीहून ज्यू शिक्षक आले होते. आजची ज्यू टाउनची गल्ली मात्र मुख्यत्वे जुन्या वस्तूंच्या आणि गालिच्यांच्या दुकानांची आहे. मसाला घ्यायचा तर तो येताना वखारींच्या रस्त्यावर घेतलेला बरा.

तिथून राजवाड्यात जावे, म्हणजे भर दुपारचे दोन तास आपोआप छपराखाली जातात. लोक याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी सुमारे १५५५ मध्ये बांधून कोचीच्या राजाला नजर केला. डचांनी १६६३ नंतर त्याची डागडुजी आणि वाढ केली. बाहेरून इमारत साधी, पांढरी आणि थोडी निराश करणारी आहे. चौकोनी वाड्याच्या मध्यभागी भगवतीचे देऊळ आहे. खरा ऐवज आतल्या भिंतींवर आहे. राजाच्या शयनगृहात, ज्याला पळ्ळियरा म्हणतात, दशरथाच्या यज्ञापासून पुढचे रामायण भिंतीभर रंगवलेले आहे : तांबडा, पिवळा, हिरवा, काळा अशा मोजक्याच रंगांत, आकृतीला आकृती चिकटवून, रिकामी जागा म्हणून न सोडता. गटाने आलेले लोक तीन मिनिटांत पुढे सरकतात. एकट्या माणसाने एका भिंतीसमोर वीस मिनिटे उभे राहावे, एक प्रसंग धरून तो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे शोधावे. तसे केल्यावर मगच चित्रे उलगडू लागतात. खालच्या स्त्रियांच्या दालनातली शिव-मोहिनी आणि गोवर्धनधारी कृष्णाची चित्रे तुलनेने मोकळी आहेत आणि बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत. आत छायाचित्रणास मनाई आहे, ही एका अर्थी सोयच आहे.

जेवण आणि विश्रांती

दीडच्या सुमारास जेवावे. फलकावर “मील्स” लिहिलेले असते आणि बोलण्यात त्यालाच ऊण म्हणतात : जाड लालसर भात, सांबार, तोरण म्हणजे खोबरे घातलेली कोरडी भाजी, पापड, ताक, आणि हवे असल्यास मासळीची आमटी. भात पुनःपुन्हा वाढला जातो. पुरे झाले की “मति” म्हणावे. पाणी गरम आणि गुलाबी दिसले तर दचकू नये, ते पतिमुखम नावाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेले असते. निव्वळ शाकाहारी माणसाने फलकावर “शुद्ध शाकाहारी” लिहिलेले पाहूनच आत जावे, कारण इतरत्र शाकाहारी थाळीच्या शेजारीच मासळी तळली जात असते.

जेवणानंतर साडेतीनपर्यंत काही पाहू नये. हा सल्ला आळशीपणाचा वाटेल, पण उष्ण कटिबंधातल्या शहरात एकट्याने फिरताना हीच सर्वांत महत्त्वाची खबरदारी आहे. चक्कर आली, डोके दुखू लागले किंवा तहान असूनही मळमळू लागले, तर ते ओळखून सावलीत बसवणारे सोबत कोणी नसते. फोर्ट कोचीतल्या जुन्या बंगल्यांत चालणाऱ्या चहा-कॉफीच्या जागी बसावे किंवा निवास जवळ असेल तर झोपावे. मिठाचे लिंबूपाणी किंवा शहाळे घ्यावे. २०१२ पासून काही वर्षांच्या अंतराने भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या समकालीन कलेच्या प्रदर्शनाचा हंगाम चालू असेल, तर जुन्या वखारींतल्या त्याच्या दालनांत हे तास उत्तम जातात.

कोकणी कोची आणि सूर्यास्त

चारनंतर चेरलाई भागात एक फेरी मारावी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे इथे वसली आणि तिरुमल देवस्थान हे त्यांचे मोठे देऊळ. आजूबाजूच्या दुकानांत आणि ओट्यांवर कोकणी कानी पडते आणि ती मराठी माणसाला बऱ्यापैकी कळते. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला आणि जो १६७८ ते १६९३ दरम्यान ॲम्स्टरडॅमला छापला गेला, त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे इथलेच तीन कोकणी वैद्य होते. त्यांची कोकणीतली, नागरी लिपीतली साक्ष त्या ग्रंथात छापलेली आहे. देऊळ आतून पाहायचे असल्यास ध्यानात ठेवावे की केरळातली बहुतेक देवळे दुपारच्या आधी बंद होतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात, आणि पुरुषांना सदरा काढून आत जावे लागते. पंचा इथे कामी येतो.

सूर्यास्तासाठी गर्दी जाळ्यांपाशी जमते. त्याऐवजी फोर्ट कोचीहून वैपिनला जाणाऱ्या, वाहनेही वाहून नेणाऱ्या रो-रो बोटीवर चढावे. काही मिनिटांचाच प्रवास आहे, पण जाळी, समुद्रमुख आणि बंदरात शिरणारी जहाजे पाण्यातून एकत्र दिसतात, आणि नशीब असेल तर डॉल्फिनही. संध्याकाळी कथकळीचा प्रयोग पाहायचा असेल तर सूर्यास्त सोडावा लागतो, कारण पर्यटकांसाठीचे छोटे प्रयोग सहाच्या आसपास सुरू होतात. आभाळ भरलेले असेल तर मी बेलाशक कथकळी निवडेन, पण तासभर आधी जाऊन, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर केली जाते आणि हिरव्या चेहऱ्याचा नायक आकार घेताना पाहणे हा प्रयोगाचा निम्मा आनंद आहे.

परतीचा प्रवास

वैपिनला उतरल्यास परत फोर्ट कोचीला येण्याची गरज नाही. त्या धक्क्याजवळूनच वॉटर मेट्रो हायकोर्टाकडे जाते. फोर्ट कोचीच्या स्थानकावर शनिवार-रविवारी जी लांबलचक रांग लागते ती यामुळे टळते. शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळीच विचारून ठेवावी. ती चुकली तर वैपिनहून गोश्री पुलांवरून आणि फोर्ट कोचीहून तोप्पुंपडीमार्गे एर्नाकुळमला बस मिळते. केरळातल्या बसमध्ये पुढच्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, त्यामुळे एकट्या स्त्रीला रात्री ॲपवरच्या गाडीपेक्षाही भरलेली बस अधिक निवांत वाटू शकते. फोर्ट कोचीच्या आतल्या गल्ल्या आठनंतर लवकर सामसूम होतात, तेव्हा तिथे मुक्काम असलेल्यांनी जेवण आटोपून मुख्य रस्त्यानेच परतावे. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक चालतो.

रात्रीची गाडी पकडायची असेल तर तिकिटावरचे स्थानकाचे नाव पुन्हा एकदा वाचावे. एर्नाकुळम जंक्शन आणि एर्नाकुळम टाउन ही दोन वेगळी स्थानके आहेत, स्थानिक लोक त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात, आणि काही गाड्या यांपैकी एकाच ठिकाणी थांबतात. जंक्शनसाठी कोची मेट्रोच्या एर्नाकुळम साउथ स्थानकावर उतरावे, टाउनसाठी टाउन हॉल स्थानकावर. रिक्षावाल्याला नुसते “स्टेशन” न सांगता साउथ की नॉर्थ ते सांगावे, आणि सामान सकाळी ज्या स्थानकावर ठेवले होते ते दुसरेच असेल तर अर्धा तास जादा धरावा.